न्यापाओची वाकडी खोप

न्यापाओ वांगला वाकडं काही बघवत नसे. वाटेत दुसऱ्याच्या कुंपणाचा एखादा बांबू कललेला दिसला, तर तो खांद्यावरचं ओझं उतरवून आधी बांबू सरळ करायचा आणि मगच पुढे जायचा. जेवायला बसला की भाताची टोपली टेबलाच्या कडेशी नीट जुळेपर्यंत त्याचा हात घासाकडे वळत नसे. बायको किया येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "नववर्षाच्या मैदानात, लग्न जुळवायच्या खेळात चेंडू झेलताना मी सारखी इकडून तिकडे पळत होते, म्हणून माझं नाक वाकडं आहे हे याला कळलं नाही. एका जागी उभी राहिले असते, तर लग्न मोडलंच होतं."

फू होमच्या डोंगरावरची निम्मी घरं न्यापाओने बांधलेली. ती लांबूनच ओळखू यायची, कारण त्यांचं आढं ढगाला टेकवून ओढलेल्या रेषेसारखं असायचं. त्याच्या खिशात कायम एक पितळी ओळंबा असे. बाजारात, लग्नात, अगदी मयताच्या घरीसुद्धा तो सोबत असे. एकदा कुणाच्या तरी मयताला गेला असताना त्याने हळूच दोरी सोडून खांब तपासला होता, आणि मेलेल्या माणसाच्या भावाने त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं होतं. तो प्रसंग तो स्वतःच हसत सांगायचा. वर म्हणायचा, "पण खांब कललेलाच होता."

अशा माणसाने आयुष्यातलं सगळ्यात वाकडं बांधकाम केलं ते लेकीसाठी.

येर ही त्याची धाकटी लेक. पलीकडच्या डोंगरावर शिओंगांच्या घरी दिलेली. तिचा पहिला मुलगा सासरी, चुलीशेजारी जन्मला. मूल ठणठणीत, पण येरचा रक्तस्राव थांबेना. नवऱ्याने, तेंगने, घराचं दार बिजागरीतून उपसलं, तिला त्यावर निजवलं आणि भावांना घेऊन डोंगर उतरवून आरोग्य केंद्रात आणलं. येर वाचली. पण कितीतरी दिवस ती तांदळाच्या धुवणासारखी पांढरी दिसत होती. न्यापाओ तिला बघायला जायचा आणि ते उपसलेलं दार परत बसवत राहायचा. ते त्याने इतक्या वेळा बसवलं, की तेंगच शेवटी म्हणाला, "मामा, आता ते जन्मात पडायचं नाही."

आता येरला पुन्हा दिवस गेले होते.

ओढ्याकाठच्या केंद्रातली नर्स बुआफान खालच्या सपाटीवरची लाओ बाई होती. गोल चेहऱ्याची, खळखळून हसणारी. डोंगरावरच्या बायका तिच्याकडे पोरांच्या टोचण्यांना यायच्या, तापाला यायच्या, दात दुखला तरी यायच्या. बाळंतपणाला मात्र कुणी फिरकायचं नाही. खाली सिमेंटची गार फरशी, लोखंडी खाट, चूल नाही, बाळंतिणीला कुणीतरी बाटलीतलं गार पाणी देणार, आणि दारातून जो तो डोकावणार. ओल्या बाळंतिणीला गार पाणी म्हणजे डोंगरावरच्या बाईच्या दृष्टीने विषच.

एक दिवस बुआफानने न्यापाओला बोलावून घेतलं.

"लुंग, येरला या वेळीही तसंच होऊ शकतं," ती म्हणाली. लुंग म्हणजे काका, ती त्याला तशीच हाक मारायची. "माझ्याकडे इंजेक्शन आहे. पण ते बाळ आल्या आल्या द्यावं लागतं. पलीकडच्या डोंगरावर मी वेळेत पोचणार नाही. तिने इथे, माझ्या हाकेच्या अंतरावर बाळंत व्हायला हवं."

"ती तुझ्या फरशीवर येणार नाही."

"माहितीये. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मागे मोकळी जागा आहे. तिथे घर बांधून द्या. चूल असलेलं, मातीच्या जमिनीचं. बायका शेवटचे दिवस तिथे राहतील, मी मागच्या दाराने जाईन. अगदी तुमच्या घरासारखं बांधा."

न्यापाओला एवढंच ऐकू आलं. अगदी तुमच्या घरासारखं.

त्याने जीव ओतला. त्याच्या वांग कुळातल्या भाऊबंदांनी लाकूड दिलं, गवत दिलं, अंगमेहनत दिली. फळ्यांना असा रंधा मारला की हात फिरवला तर घसरून पडेल. मधला खांब उभा राहिला तेव्हा त्याने ओळंबा सोडला आणि दोरी खांबाला चिकटूनच खाली गेली. मोठी चूल झाली, लहान चूल झाली, धान्याचं मचाण झालं. शेवटच्या दिवशी तो दारात उभा राहून आत बघत होता. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, दारासमोरची भिंत मोकळी आहे.

देवाशिवाय घर! असं घर त्याने उभ्या आयुष्यात बांधलं नव्हतं. त्याने स्वतःच्या खुराड्यातला लाल कोंबडा आणला, थोरल्या भावाला बोलावलं, भिंतीवर सोनेरी-रुपेरी कागद लावला, रक्तात बुडवून पिसं चिकटवली, आणि दोघांनी मोठ्या आवाजात वाडवडिलांना हाका मारल्या. या, बसा, घर राखा. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे वांगच होते. बुआफानने टाळ्या वाजवल्या आणि फोनवर फोटो काढले.

पाठोपाठ वांगांची एक सून तिथे येऊन सुखरूप बाळंत झाली. न्यापाओ अभिमानाने फुगला आणि दुसऱ्याच दिवशी येरला आणायला पलीकडच्या डोंगरावर गेला.

येरची सासू ब्लिया दारातच कापडावर टाके घालत बसली होती. तिची सुई आणि जीभ दोन्ही एकाच दगडावर घासलेल्या आहेत, असं सगळा डोंगर म्हणायचा.

"या व्याहीबुवा, बसा. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. हात लावू नका, आम्हाला तो तसाच आवडतो."

न्यापाओ डुगडुगत्या स्टुलावर बसला आणि घराचं वर्णन करू लागला. फळ्या, खांब, चुली. ब्लिया ऐकत होती. टाका घालून झाल्यावर तिने दोरा दातांनी तोडला.

"भिंतीवर कागद लावलाय म्हणे?"

"लावलाय तर! उघडं घर देणार होतो की काय?"

"कोणी लावला?"

"मीच. आणि थोरल्याने."

"कोंबडा कोणाचा?"

"माझा. तो लाल, तुम्ही बघितलाय तो."

"आणि हाका कोणाला मारल्या?"

न्यापाओने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चुलीपाशी बसलेली येर हसू दाबायला बाही तोंडाशी धरत होती.

"माझ्या... वाडवडिलांना."

"म्हणजे ते घर कोणाचं झालं?"

स्टूल डुगडुगलं.

"दिलेली लेक बापाच्या देवांसमोर बाळंत होते, हे वांगांच्यात चालत असेल तर सांगा बाई," ब्लिया म्हणाली. "आमच्यात नाही चालत. तुमच्या घराला बाधतं, आमच्या बाळाला बाधतं."

"आमच्यातही नाही चालत," न्यापाओ पुटपुटला.

"मग?"

"मला ते माझं घर वाटलंच नाही हो. मला वाटलं, सगळ्यांचं आहे."

"कोंबडा कापताना आठवायचं होतं."

"कागद काढून टाकतो."

"कागद काढाल. मधला खांब? चुली? दाराची चौकट? राखणदार काय एका कागदात मावतात?" ब्लियाने सुईत नवा दोरा ओवला. तिचा आवाज मात्र उतरला. "मला काय हौस आहे का? मागच्या वेळी तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मलाही ती खाली, त्या नर्सजवळच हवीय. पण त्या घरात नाही."

येरचं हसू आता थांबलं होतं. ती निखारे उगीच पुढेमागे करत होती.

न्यापाओ उतरून थेट केंद्रात गेला. किया तिथेच बुआफानबरोबर भोपळा चिरत बसली होती. त्याने सगळं सांगितलं. बुआफानने कपाळावर हात मारला.

"म्हणून लोर कुळातली कुणी येत नाही, थाओंची येत नाही, कुणीच नाही! लुंग, चूक माझीच. तुमच्या घरासारखं बांधा, असं मीच म्हणाले ना."

"तू म्हणालीस," न्यापाओ म्हणाला. "पण कोंबडा मी कापला."

किया भोपळा चिरतच होती. "कोंबडा छान होता," ती म्हणाली.

"सासरच्या घरी नको, कारण मी लांब," बुआफान बोटांवर मोजत बोलू लागली. "माझ्याकडे नको, कारण फरशी. वांगांच्या घरी नको, कारण देव. बरं, घराबाहेर कुणी कधी बाळंत झालंय का?"

कियाचा सुरा थांबला. "म्हणजे काय? ही येरच शेतात झाली! भाताची कापणी चालली होती, घरी पोचायला वेळ कुठला? शेतातल्या खोपीतच झाली. याने पाणी तापवलं आणि भीतीने तीनदा सांडलं."

"दोनदा," न्यापाओ म्हणाला.

"आणि खोपीत कोणाचे देव असतात?" बुआफानने विचारलं.

"खोपीत कसले देव?" किया म्हणाली. "खोपीत उंदीर."

तिघंही एकमेकांकडे बघू लागले. मग बुआफान अशी हसली की भोपळ्याची फोड तिच्या मांडीवरून घरंगळली.

न्यापाओला हसू यायला जरा वेळ लागला. कारण खोप उभी करायची, तर आधी ते घर उतरवावं लागणार होतं.

थोरल्या भावाला परत बोलावलं. दुसरा कोंबडा आणला. न्यापाओने भिंतीसमोर गुडघे टेकले आणि देवांना स्वच्छ सांगितलं, "तुम्हाला बोलावलं, बसवलं, आणि आता उठवतोय. चूक माझी, कोंबडा तुमचा. आपल्या घरी चला, तिथली भिंत काही लहान नाही." कागद उतरवला, चुली मोडल्या, आणि मग त्याने स्वतःच्या हाताने मधल्या खांबाखालची माती उकरायला घेतली. खांब आडवा झाला तेव्हा भाऊबंद नुसते बघत उभे होते. न्यापाओ म्हणाला, "बघता काय? लाकूड चांगलं आहे, धरा की."

मग खोपीचं काम सुरू झालं, आणि तिथे त्याची खरी पंचाईत झाली. खोप म्हणजे शेतकऱ्याने घाईत, हाताला येईल त्या लाकडाने ठोकलेली वस्तू. न्यापाओला घाईत काही येतच नव्हतं. त्याने उभी केलेली खोप बघायला ब्लिया तेंगच्या मोटरसायकलवरून आली, छत्री उघडून एका ओंडक्यावर बसली आणि खोप खालपासून वरपर्यंत न्याहाळू लागली.

"ही खोप?" ती शेवटी म्हणाली. "ही तर शाळा आहे."

"काय झालं?"

"दार कशाला?"

"वारा येऊ नये म्हणून."

"खोपीला दार नसतं. चटई टांगा. आणि हे वासे कशाने कापलेत, सुरीने? सुना हिला घर समजतील आणि उंबऱ्यावरूनच परत जातील. खोप बघताक्षणी खोप वाटली पाहिजे."

न्यापाओने दार काढलं. समोरची बाजू उघडी ठेवली. खांब वाकडे हवेत, म्हणून त्याने रात्री बसून हिशेब केला आणि सगळे खांब नीट मोजून एका बाजूला कलते रोवले. ब्लिया पुन्हा आली.

"हे वाकडे नाहीत," ती म्हणाली. "हे कवायत करतायत."

तेंगला हसू आवरेना. तो मोटरसायकलच्या मागे जाऊन बसला.

"व्याहीबुवा, खिशात काय आहे ते द्या इकडे."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

न्यापाओने पितळी ओळंबा बाहेर काढला. ब्लियाने तो आपल्या भरतकामाच्या पिशवीत टाकला आणि पिशवीची दोरी आवळली. "माझी सून बाळंत होईपर्यंत हा माझ्याकडे."

ओळंबा गेला आणि काम एकदम सुटलं. ज्या खांबाला फांदी होती, तो फांदीसकट रोवला. एक वासा लांब आला, तो तसाच राहू दिला. त्यावर किया कपडे वाळत घालू लागली. पण न्यापाओ शेवटी न्यापाओच. खांबांच्या बुडाशी त्याने दगड ठासून भरले होते. गवताचे थर असे एकावर एक घातले होते की वर घागर ओतली तरी आत थेंब पडू नये. जमिनीला जरासा उतार होता, म्हणजे धुतलेलं पाणी आपोआप मागे निघून जाईल. बुआफानला हवा होता तसा एक दिवा वाशात लपवला होता, आणि तिच्या मागच्या दारापासून खोपीपर्यंत दगडी पायऱ्या होत्या. ब्लियाला हे सगळं दिसत होतं. पण वरून खोप वाकडी दिसत होती, म्हणून तिने ते चालवून घेतलं.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा पाठीवर मोठी पाटी होती. पाटीत मातीच्या गोळ्यांसकट उपटलेल्या वनस्पती. बाळंतिणीच्या कोंबडीच्या रश्श्यात घालायच्या, तिच्या परसातल्या. सासूने सुनेला दिलेल्या, त्या सासूला तिच्या सासूने दिलेल्या. कुणाला काही न विचारता ब्लिया खोपीच्या कडेला उकिडवी बसली आणि एकेक रोप लावू लागली.

किया पाण्याची झारी घेऊन धावली. न्यापाओ लांबून बघत होता. रोपं ओळीत नव्हती. त्याने हात खिशात घातले आणि तिथेच ठेवले.

खोपीत राहायला आलेल्या येरला कळा सुरू झाल्या तेव्हा डोंगरावरून धुकं अजून उठलं नव्हतं. चटईबाहेर उभं राहून बुआफानने विचारलं, "येऊ का आत?"

"शेतात यायला कोण विचारतं?" आतून ब्लिया ओरडली.

येर चवड्यांवर बसली होती. तेंगने तिला मागून धरलं होतं. चुलीवर पाणी उकळत होतं. बुआफान मातीवर प्लास्टिक अंथरून गुडघ्यावर बसली. बाहेर न्यापाओ कोंबडी साफ करत होता आणि तिचे अगदी सारखे तुकडे करत होता. किया म्हणाली, "पोटात गेल्यावर कोण मोजणार आहे?" पण तिचे स्वतःचे हात काहीच करत नव्हते.

बाळ रडलं. किया उभी राहिली.

मग आतलं बोलणं बंद झालं. बुआफान एवढंच म्हणाली, "तेंग, पाय वर धर. ब्लियाबाई, ते दुसरं कापड." न्यापाओच्या हातातला सुरा तसाच राहिला. त्याला ते उपसलेलं दार दिसत होतं, त्यावर निजलेली येर दिसत होती. चटईच्या फटीतून चुलीचा उजेड येत होता. बाळ रडतच होतं.

"इंजेक्शन लागू पडतंय," बुआफान म्हणाली. "पोट घट्ट होतंय. अजून जरा... थांबलं." मग मोठ्याने, खास बाहेर ऐकू जावं म्हणून, "लुंग! थांबलं! मुलगी आहे!"

न्यापाओ मटकन खाली बसला, तो नेमका कोंबडीच्या पिसांवर.

नंतर येर वाडगा भरून गरम रस्सा प्यायली, त्यात ब्लियाच्या परसातली पानं होती. ती दमली होती, पण गालांना रंग होता. "त्सी," तिने बापाला हाक मारली, "खोप किती वाकडी बांधलीत हो!"

"तुझ्या सासूला विचार," न्यापाओ म्हणाला.

बुआफानने वार केळीच्या पानात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवून तेंगच्या हातात दिली. "ही तुमच्या घरची. जिथे पुरायची तिथे पुरा." केंद्रात आजवर ती फेकली जायची, हे डोंगरावर सगळ्यांना ठाऊक होतं. माणसाचा तो पहिला सदरा. मेल्यावर जीवाला तो अंगात घालूनच वाडवडिलांकडे परत जायचं असतं, आणि सदरा कुठे फेकलाय हेच माहीत नसेल तर त्याने शोधायचा कुठे? ब्लियाने डब्याकडे बघितलं, नर्सकडे बघितलं. तिने वाडग्यात रस्सा ओतला आणि बुआफानपुढे धरला. "घे. तूही दमलीस."

तेंग डबा छातीशी धरून निघाला. मुलीची वार, म्हणजे आईबापांच्या बिछान्याखाली.

त्यानंतर लोरांची सून आली, थाओंची आली. वांगांच्या सुनाही आल्या आणि घर गेलं म्हणून कुरकुरल्या, पण बाळंत तिथेच झाल्या. ब्लियाची रोपं फोफावली. ती अधूनमधून ती खुडायला यायची आणि नव्या बायकांना हवं-नको सांगत बसायची.

एका दुपारी ओढ्यापलीकडून एक खमू जमातीचा माणूस आला. त्याची बायको मागे, पोट धरून उभी. तो खोपीकडे बघत जरा दूरच थांबला. न्यापाओ तिथेच छपरावर गवताचा एक थर बदलत होता.

"ही कोणाची?" त्याने विचारलं. "आम्ही खमू. आमचं इथे चालेल का?"

न्यापाओने तोंड उघडायच्या आत ब्लिया रोपांमधून उठली. "कोणाचीच नाही ही. म्हणून तर सगळ्यांचं चालतं. माझी सून इथेच बाळंत झालीय. वाकडी दिसते, पण आम्ही ती मुद्दाम तशी बांधलीय."

"आम्ही?" वरून न्यापाओ म्हणाला.

"तुम्ही खांब रोवलेत. वाकडे कोणी करवून घेतले?"

खमू बाई लाजत म्हणाली, तिला बाळंतपणानंतर निखाऱ्यांवर शेकायला बांबूची उंच बाज लागते. इथे तशी नाही.

"लागते तर होईल," न्यापाओ म्हणाला आणि खाली उतरला. "व्याही-विहिणीचं भांडण संपलं की लगेच होईल. विहीणबाई, माझा ओळंबा? बाळ कधीचं झालं."

"तो?" ब्लिया पुन्हा रोपांकडे वळली. "तो नातीच्या झोळीच्या दोरीला बांधलाय. हलला की हसते ती. काढून आणू?"

न्यापाओने रिकाम्या खिशावरून हात फिरवला. "नको," तो म्हणाला. "राहू दे."

मग त्याने कोयता उचलला आणि बांबू तोडायला गेला. बाजेचे चार पाय रोवताना त्याने सवयीने एक डोळा मिटला. पुन्हा उघडला. आणि खमू बाईला विचारलं, "बघ बरं, तुला किती उंच हवी?"